तोडकऱ्यांचं गायरान

"कमलबाई, आधी बैल भायर काढा. मग काय शिव्या द्यायच्यात त्या द्या," कोकिळा म्हणाली.

"न्हाई काढत!" कमलबाई गवतात पाय रोवून उभी राहिली. "सा महिने ऊस तोडून आलाव आमी. गावाच्या रानात आमच्या बैलांनी तोंड घातलं तर कुणाचं काय गेलं?"

कोकिळाचं बरंच काही जात होतं. एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून ती पालमहून एसटीनं या गावात येऊ लागली, तेव्हा गायरानावर मुरूम आणि तरवडाची झुडपं सोडून काही नव्हतं. शाळेतल्या पोरांना घेऊन तिनं गवताचं बी टाकलं. चराईबंदीसाठी गावाच्या विनवण्या केल्या. गवत कापून न्या, जनावर आत सोडू नका, एवढंच म्हणणं. आता तिथं कमरेइतकं पवन्या गवत होतं आणि त्यात तितर अंडी घालत होते. बैलांची एक जोडी आत राहिली, की संध्याकाळपर्यंत गावातली सगळी जनावरं इथं असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"समद्या गावानं ठरीवलंय हे," गायरान समितीचे म्हातारे बन्सीधरराव म्हणाले.

"कवा? दिवाळी झाल्यावर! तवा आमी कारखान्यावर. आमाला इचारलं कोण?"

"तुमी असताव कुठं गावात?"

आता मात्र कोकिळाच भडकली. एरवी मुंग्यांच्या वारुळावर पाय देऊ नका, हेसुद्धा ही बाई पोरांना गोड आवाजात सांगायची.

"पोटासाठी गेल्ते, काका. गाव सोडून न्हाई गेल्ते! दरसाल हे लोक गेल्यावरच मिटिंग घेताव आपण. बोलवा समद्यायला. इथंच, आत्ता. पर तवर बैल भायर!"

कमलबाईनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग बैलांना गवताबाहेर हाकारलं.

भर उन्हात मुरमावरच सभा बसली. आरडाओरडा झाला, जुनी उणीदुणी निघाली. शेवटी ठरलं की यंदापासून चैत्रात, तोडकरी परतले की, पहिली कापणी त्यांची, आणि समितीत कमलबाई. बन्सीधररावांनी तोंड वाकडं केलं, पण हात वर केला.

लगेच कोयते निघाले. कमलबाईचा कोयता तर सपासप, जमिनीला घासून.

"अवो, थांबा! ऊस न्हाई तो," कोकिळा धावली. "बुडातून छाटल्यावर पुन्ना फुटंल कसं? वीतभर ठिवा."

"हाताला सवय हाय, ताई," कमलबाई हसली. तिनं जमिनीपासून वर वीत मोजली आणि तिथून कोयता चालवला.

दुपार कलली तेव्हा कुठं कोकिळा बाभळीखाली डबा उघडून बसली. तिकडे कमलबाई नवऱ्यावर खेकसत होती, "डोळे फुटले का? बुडातून नगं! वीतभर ठिव!"

कोकिळानं मान वळवून पाहिलं. इतकी वर्षं या रानात ही काळजी फक्त तिच्याच आवाजात ऐकू यायची. मदतीला जावं म्हणून ती अर्धवट उठली, पण तिच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं. ती पुन्हा खाली बसली आणि सावकाश भाकरी खाऊ लागली.