लूकियाच्या पट्ट्यातला ढीग

मी पुरातत्त्व शिकवते, आणि पोरांच्या वह्या तपासून तपासून माझा स्वभाव तिरसट झालाय. दर शुक्रवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी केर्किरा या आमच्या ग्रीक बेटावरच्या कुठल्यातरी शेतात जाते. आधी डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, डोक्यात येतं ते नंतर, हा माझा नियम. कुणाकडे खोडरबर दिसला की तो माझ्या पिशवीत जातो. चुकलं तर वर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी.

यंदा चुरस होती. जूनमधल्या उत्खननात पहिल्या वर्षाच्या एकाच मुलाला घेता येणार होतं, आणि ज्याची वही चांगली त्याला नेईन, असं मी सांगून ठेवलं होतं. जीव टाकणारे दोघं होते. लूकिया इथलीच, शहरातली, तोंडाने फटकळ. प्रोद्रोमोस समुद्रापलीकडच्या थेसालोनिकी शहरातला, दगड दिसला तरी त्याला प्रदक्षिणा घालणारा.

ईस्टर नुकताच झाला होता. त्याच्या आदल्या सकाळी आमच्याकडे गॅलऱ्यांतून पाण्याने भरलेली, लाल फीत बांधलेली मडकी खाली रस्त्यावर फोडतात. जेवढा मोठा आवाज तेवढी घराची शान. नंतर आठवडाभर साऱ्या बेटावर खापरंच खापरं असतात आणि शेतकरी ती नेऊन वाटेवरचे खड्डे बुजवतात.

त्या शुक्रवारी आम्ही ऑलिव्हच्या बागेत होतो. एकेकाला जमिनीचा एकेक पट्टा नेमून दिला होता. त्यावरून चालायचं आणि दिसेल ते टिपायचं. लूकियाच्या पट्ट्यात बांधाशी लाल खापरांचा ढीग होता. तिने वहीत लिहिलं, ‘ईस्टरचा कचरा. सोडला,’ आणि पुढे निघाली.

“अगं, मोज तरी!” शेजारच्या पट्ट्यातून प्रोद्रोमोस ओरडला.

“काय मोजू, आमच्या आत्याचं मडकं? तुमच्याकडे ईस्टरला नुसती अंडी फोडतात, तुला काय कळणार!”

“बरं बाई. नाकाने कांदे सोल तू.”

मी मागून येत होते. ढिगातला एक तुकडा उचलला आणि लूकियाला हाक मारली.

“हा ईस्टरचा कशावरून?”

“मॅडम, जन्मल्यापासून बघतेय मी.”

“मग याचं बूड बघ.”

तिने तो हातात घेऊन उलटा केला. ईस्टरच्या मडक्याचं बूड सपाट असतं. हे गाजरासारखं निमुळतं होतं. असे रांजण जमिनीवर उभे राहत नाहीत. प्राचीन काळी ते तेल-दारू भरून जहाजाच्या पोटात रोवून ठेवत. लूकियाने बांधावर बसून वही उघडली. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती अशी. मला राग आला होता, आणि तिचा चेहरा बघून वाईटही वाटलं.

दुपारी गावातल्या खानावळीत सोफ्रितो नावाच्या मांसाच्या रश्श्यातल्या लसणाचा वास सुटला होता. ताटं यायच्या आत मी वह्या मागितल्या. लूकियाने पान फाडलं नव्हतं. ‘ईस्टरचा कचरा’वर एक रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, ‘न बघता लिहिलं.’ पुढे बुडाचं चित्र, छान काढलेलं. मग मी प्रोद्रोमोसची वही उघडली आणि मला हसू आवरेना. वाटेवरच्या खड्ड्यातल्या एका खापराचं त्याने मापं घेऊन चित्र काढलं होतं: कान, काठ, कानाला गाठ मारलेली चकचकीत लाल फीत. खाली मत लिहिलं होतं, ‘बहुधा प्राचीन. धार्मिक विधीचं.’

“धार्मिक तर आहेच की!” लूकिया टेबलावर थापा मारत हसली. “अरे, ती फीत प्लास्टिकची आहे!”

“मला वाटलं, नंतर कुणीतरी बांधली असेल,” प्रोद्रोमोस कानापर्यंत लाल झाला. सगळं टेबल खिदळत होतं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. दोघंही चुकले होते आणि जूनसाठी निवड त्यांच्यातूनच करायची होती.

लूकियाने त्याची वही पुढ्यात ओढली. हसता हसता ती चित्र नीट बघू लागली.

“मॅडम, याला घ्या.”

“का गं?”

“याचं मत चुकलंय, पण चित्र बघून मला लगेच कळलं, मडकं यंदाचंच. माझ्या त्या ओळीवरून कुणाला काय कळलं असतं? तुम्ही मागून आला नसतात तर ढीग गेलाच होता.” तिचे डोळे भरले होते. “फार वाईट वाटतंय मला. पण याला घ्या.”

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी घाईघाईने पावाचा तुकडा तोंडात कोंबला. मग प्रोद्रोमोसचं नाव सांगितलं. तो बिचारा आनंद लपवायची खटपट करत होता आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं.

“पण एक,” लूकिया नाक पुसत म्हणाली, “ढीग माझ्या पट्ट्यातला आहे. नांगर फिरायच्या आत तो मीच नोंदवणार. उद्या सुट्टी आहे. टेप धरायला कुणीतरी लागेल.”

“मी येतो,” प्रोद्रोमोस म्हणाला.

“ये. पण मत मी विचारल्याशिवाय द्यायचं नाही.”