सुईबाईंचा उजवा गुडघा

“मावशी, एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा आणि खाली बघा,” प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी म्हणाली.

सुईबाईंनी काठी टेबलाला टेकवली, चष्मा काढून मुलाच्या हातात दिला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मुलीने बाजूची चकती जराशी फिरवली, तसे पांढऱ्या उजेडात करडे ठिपके उमटले. काही गोल, काही लांबुडके, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले.

“या माझ्या पेशी?”

“तुमच्याच. उजव्या गुडघ्यातल्या.”

“जिवंत आहेत?”

“ठणठणीत.”

सुईबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. गुडघा बदलायच्या आधी सर्जनने त्यांना विचारलं होतं, की काढलेला भाग संशोधनासाठी दिला तर चालेल का. “घ्या की, मी काय त्याचं लोणचं घालणार आहे? पण काय सापडलं ते मला दाखवायचं,” असं त्या म्हणाल्या होत्या. सर्जन हसला होता. या मुलीने मात्र शब्द पाळला आणि स्वतः फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

सुईबाई हे नाव त्यांना पोरांनी ठेवलेलं. खांद्याला लसींची थंड पेटी अडकवून त्या दारोदार फिरायच्या. त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की पोरं धूम ठोकायची. रस्ता संपतो तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं. खाणकामगारांच्या वस्तीत गोवराची साथ आली, तेव्हा एका घरातून त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच दारात आणखी लवकर हजर झाल्या. “काल भिजले, आज वाळून आलेय. आता तरी पोराचा दंड दाखवा,” म्हणाल्या. दार उघडलं. त्या साथीत त्या वस्तीतलं एकही मूल दगावलं नाही. कचेरीतली बदली त्यांना दोनदा चालून आली आणि दोन्हीदा त्यांनी ती नाकारली. खुर्चीत बसून लस टोचता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढे उजवा गुडघा बोलायला लागला, तसा मुलगाही बोलायला लागला. त्याचं गाड्यांचं गॅरेज होतं आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांचं निदान तो तिथूनच करायचा. “बेअरिंग रात्रंदिवस फिरवलं की झिजणारच. तुला कचेरीत बस म्हणाले, तर पायाला भिंगरी. भोग आता.” ऑपरेशननंतर त्याने आईचं चालणं खोली ते स्वयंपाकघर एवढ्यावर आणून ठेवलं होतं. डावा गुडघाही कुरकुरत होता, तो तरी पुरवून वापरायचा म्हणून. आणि आयुष्यभर कुणाचं न ऐकलेल्या सुईबाई मुकाट बसल्या होत्या. आपणच आपल्या पायांची वाट लावली, हे त्यांनाही हळूहळू पटलं होतं.

“एवढं चालल्यावर दुसरं काय होणार?” मुलगा आत्ताही म्हणालाच. “पार्ट झिजला.”

“बेअरिंग जिवंत नसतं, दादा,” मुलगी म्हणाली. “ही गादी, म्हणजे कूर्चा, जिवंत असते. तिच्यात रक्त पोचत नाही, नस नसते. या पेशी एकेकट्या बसलेल्या असतात. माणूस चाललं, की गादी दाबली जाते, सुटते. तो दाब पेशींना कळतो. त्यातून त्यांना इशारा मिळतो, की गादी शाबूत ठेवा. बेताचं चालणं त्यांना लागतंच.”

“मग बिघडलं कशाने?” सुईबाईंनी विचारलं.

“कधीकधी सांध्याला मार बसतो आणि वेगळेच इशारे सुरू होतात. सूज आणणारे. मग याच पेशी गादी बांधायचं सोडून ती विरघळवणारे रस सोडतात. विरघळलेल्या तुकड्यांनी पुन्हा तेच इशारे वाढतात. ते मधेच थांबवता येतील का, हेच मी या पेशींवर बघतेय.” तिने सुईबाईंकडे पाहिलं. “तुमच्या गुडघ्यात दोन हाडांमधली, आतल्या बाजूची चकती फार पूर्वीच फाटलेली होती, असं सर्जन म्हणाले. वय आहे, बाकीही कारणं असतात. खात्रीने नाही सांगता येणार. पण तरुणपणी कधी पडला होता का? पाय पिरगळला होता?”

सुईबाईंना उतार दिसला. उतारावरून सुटलेली सायकल आणि तिच्यावर ब्रेक न सापडलेलं सहा वर्षांचं पोर. त्या आडव्या धावल्या होत्या आणि सायकल अंगावर घेतली होती. पोराला खरचटलंही नाही. गुडघ्यात मात्र काहीतरी कट्कन वाजलं होतं. दुसऱ्या दिवशी तो भोपळ्याएवढा सुजला, पण पेटीतली लस थांबणार नव्हती. पट्टी आवळून त्या फेरीला गेल्या. पोराला आठवत होतं ते फक्त सायकलचं वाकडं झालेलं चाक. ते त्याने हातोडीने ठोकून सरळ केलं होतं. आपल्या हातची ती पहिली दुरुस्ती, असं तो अजून गॅरेजमध्ये कौतुकाने सांगायचा.

तो शेजारीच उभा होता, आईचा चष्मा हातात धरून.

“छे,” सुईबाई म्हणाल्या. “तसं काही आठवत नाही बाई.”

मुलीने मान डोलावली.

“मग मी चालू का?”

“चालाच. सर्जननी सांगितलंय तेवढं, हळूहळू वाढवत.”

मुलाने टेबलाला टेकवलेली काठी आईच्या हातात दिली. दाराशी आल्यावर तो खाली बघत म्हणाला, “नोकरीने गेला नव्हता म्हणजे तुझा गुडघा. मी उगाच इतकी वर्षं तोंड सोडलं.”

“तुझं तोंड गॅरेजमध्ये बिघडलंय. त्याला कोण काय करणार?”

तो हसला. “उद्यापासून सकाळी चालायला जाऊ. मी येतो बरोबर.”

समोर चार पायऱ्या होत्या. काठीच्या आधाराने उतरायचं सुईबाईंना आता चांगलं जमत होतं. मुलाने चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि एक पायरी खाली उतरून थांबला. सुईबाईंनी काठी बगलेत मारली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.