गेरूची वाट

सृजनशीलतेला प्राधान्य देण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने एकमताने मंजूर केला आणि त्याच बैठकीत मुलांनी रंगवलेली भिंत पुसून टाकायचेही ठरले. दोन्ही ठरावांचे सूचक अध्यक्ष आबासाहेबच होते.

तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यालगतची ही चौथीपर्यंतची शाळा. समितीचा अध्यक्ष पालक असावा लागतो आणि आबासाहेबांच्या मुलाचे नाव पटावर आहेच. फक्त तो रोज सकाळी पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातो.

निमित्त स्पर्धेचे होते. तालुक्यातल्या सर्वांत सृजनशील शाळेला ढाल मिळणार होती आणि शाळा पाहायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते.

शिक्षिका राजेश्वरीबाईंनी शाळेची मागची भिंत जूनमध्येच मुलांच्या हवाली केली होती. तुम्हाला दिसते तसे गाव काढा, एवढेच सांगितले होते. मुलांनी दोरीने अंतरे मोजली, दिशांवरून भांडणे केली आणि गेरू, कोळसा, नीळ घेऊन भिंतीवर गाव उभे केले. चौथीतली जया शाळेत असली की कोपऱ्यात मुकी बसायची. दर हंगामाला आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्याने तिची अक्षरे मागे राहिली होती. तिने गेरूने एक वाट काढली. ती गावातून निघून भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला, साखर कारखान्याच्या तळापर्यंत गेली. तिथे कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, बैलगाडी आणि गाडीखाली झोळीत धाकटा भाऊ. मग प्रत्येक गोष्टीखाली नाव हवे म्हणून ती बाईंना एकेक अक्षर विचारू लागली. वाचायला ती त्या वाटेवरच शिकली.

तिचा बाप अजिनाथ येऊन भिंत बघून गेला होता. "यंदा हिला न्हेत न्हाई, बाई. आजीपाशी ऱ्हाईल. पर साळंत रमली तरच. घरी बसनार आसल तर संगं न्हीन. धाकट्याला बघायला कोनीतरी लागतंय."

बैठक भिंतीसमोरच भरली होती. बाईंनी हे सगळे सांगितले. आबासाहेबांनी ऐकूनही घेतले.

"बाई, गावात स्लॅबची घरं हायेत, ती दिसंनात. कोप्या तेवढ्या दिसत्यात. साहेब काय म्हनतील?"

"जयाने ज्या पाहिल्या त्या काढल्या."

"बघितलं ते समदं काढायचं आसतं व्हय? आन् ह्यो कोन? पोट सुटलेला, पंचायतीत खुर्चीवर झोपलेला?"

 समितीचे एक सदस्य, कारभारी, आभाळाकडे बघू लागले. दुसऱ्या सदस्य साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमीच की, आबा. टोपी बगा ना."

त्यानंतर चर्चा फार लांबली नाही.

"स्पर्धा सृजनशीलतेचीच आहे ना? मग हेच दाखवू," बाई म्हणाल्या.

"सृजनशीलता येगळी आन् पोरांचा खेळ येगळा. पेंटर बोलवू."

"निदान जयाची वाट तरी ठेवा."

"मधीच ठिगळ कशाला?"

कल्याण पेंटर आला. त्याला मोबाईलवर नमुना दाखवण्यात आला. त्यात बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी नारळ आणि उड्या मारणारी सोनेरी केसांची मुले होती.

"आबा, खाली गेरू हाय. घासून काढावा लागंल, न्हाईतर वर येतोय."

"वरून दोन हात मार. घासत कोन बसतंय?"

चित्राखाली समितीची नावे आली. नावांखाली, 'भिंतीला हात लावू नये'.

सोमवारी जया भिंतीसमोर उभी राहिली. कुठे काय होते ते तिने बोटाने हवेतच माग काढत पाहिले. मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन घरी गेली ती पुन्हा आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या, मोठे कागद घेऊन.

"यावर काढ, जया. मी वर्गात लावते."

"कागद घडी घालून ठिवत्यात, बाई. भिंतीवर समदे बघत हुते."

अजिनाथ कोयत्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. "मी म्हनलं हुतं, बाई."

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर गेला आणि त्याच आठवड्यात साहेब आले. रंगाला धक्का लागू नये म्हणून मुलांना दोरीमागे उभे केले होते. कल्याण म्हणाला होता तसेच झाले होते. बर्फाच्या डोंगरातून, सोनेरी मुलांच्या पायांतून एक तांबडी रेघ वर आली होती.

"ही कशाची रेघ?" साहेबांनी विचारले.

"नदी हाय, साहेब," आबासाहेब म्हणाले.

"लाल?"

"दिवस मावळतानाची."

"वा! कल्पना मुलांची?"

"समदं मुलांचंच."

"ती रेघ तेवढी मुलांची आहे," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "जया नावाच्या मुलीची. नदी नाही ती, कारखान्याला जायची वाट आहे."

"हुशार दिसते. बोलवा तिला."

बाईंनी रेघ संपत होती तिथे बोट ठेवले. "तिथे गेलीय, साहेब. ऊसतोडीला."

"आज गैरहजर हाय," आबासाहेबांनी घाईने सांगितले. "चला साहेब, चहा निवतोय."

साहेबांनी भिंतीकडे एकदा पाहिले, घड्याळाकडे एकदा पाहिले आणि ते चहाला गेले.

ढाल शाळेलाच मिळाली. नदीच्या चित्रातून मुलांमधली पाण्याविषयीची जाण दिसते, असा खास उल्लेख निकालात होता. आबासाहेबांनी कल्याणला परत बोलावले. त्याने रेघ रुंद करून निळी केली, दोन्ही काठांवर गवत काढले आणि जिथे कोप्या होत्या तिथे शिडाची होडी सोडली.

या गावाला नदी नाही. जानेवारीनंतर टँकर येतो. हंगाम संपवून जया परत येईल तेव्हा चौथीचे वर्ष संपत आलेले असेल आणि भिंतीवर होडी असेल.