जसं लिहिलंय तसं

ऑनलाइन इंग्रजीच्या वर्गात बाईंनी जोड्या लावल्या, तेव्हा माझ्या वाट्याला दूर देशीचे एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ आले. मी शिवणकाम करणारी. त्यांची भाषा मला कळत नाही, माझी त्यांना नाही, आणि इंग्रजीच्या नावाने दोघांचीही बोंब. तरी दर मंगळवारी दुपारी मी मशीनवरची कापडं बाजूला सारून मोबाइल टेकवून बसायचे, आणि पलीकडे घड्याळवाले डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून हजर.

बाईंची पद्धत अशी, की प्रत्येकाने आपल्या घरातला एक संवाद इंग्रजीत लिहून पाठवायचा आणि जोडीदाराने त्यातल्या समोरच्या माणसाचं बोलणं वाचायचं. माझा संवाद परदेशात वाढणाऱ्या नातीशी. तिला आपली भाषा येत नाही, आणि 'हॅलो'च्या पुढे माझी गाडी अडते. एवढा भरघोस मिशांचा माणूस "आजी, मला फ्रॉक शिवून दे" म्हणाला, तेव्हा मी पोट धरून हसले. हसता हसता डोळे भरून आले, ते वेगळंच.

त्यांचा संवाद मुलीशी होता. चार वर्षांची असताना ती आईबरोबर दूर गेली. आता चोवीस वर्षांची आहे आणि बापाची भाषा विसरली आहे. वर्षातून एकदा फोन करते. या रविवारी तो फोन येणार होता, आणि सुट्टीत येशील का, असं ते विचारणार होते.

मी मुलगी झाले. त्यांनी विचारलं. माझ्या ओळीत लिहिलं होतं, या वर्षी जमणार नाही.

माझं डोकंच फिरलं. संवाद आपला, लेखणी आपली, मग हात आखडता कशाला घ्यायचा? मी ठणकावून म्हटलं, "येते बाबा. पुढच्याच महिन्यात येते."

त्यांनी कपाळावरचं भिंग काढून खाली ठेवलं. मला वाटलं, खूश झाले असतील.

"तसं नको," ते अडखळत म्हणाले. "ती दर वर्षी नाहीच म्हणते. मग माझा आवाज असा होतो, की तिला वाईट वाटतं आणि ती लगेच फोन ठेवते. तेवढं मला शिकायचंय. जसं लिहिलंय तसं वाचा."

माझी मलाच लाज वाटली. मी वाचलं. 'हरकत नाही, मी मजेत आहे' म्हणताना त्यांचा आवाज तसाच झाला. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. मी पाच वेळा त्या माणसाला नाही म्हटलं, आणि पाचही वेळा मला येते म्हणावंसं वाटलं.

सहाव्या वेळी ते चक्क हसून म्हणाले, "हरकत नाही, मी मजेत आहे. तुझं सांग, तिकडे थंडी कशी आहे?"

मी पान उलटलं. पुढे सगळं मुलीचंच बोलणं होतं. थंडी, नवे बूट, कामावरची मैत्रीण, खिडकीतून दिसणारं झाड. एका दमात बोलत राहणाऱ्या मुलीसाठी त्यांनी पानभर लिहून ठेवलं होतं. मी सावकाश वाचत राहिले, आणि ते ऐकत राहिले.