निरोगी रक्ताची काच

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. मंडळी, माझा अजून स्वतःच्या भिंगावर विश्वास बसत नाहीये!

कारखान्यात भिंगं घासून मला जुळवलं आणि मी या प्रयोगशाळेत आलो. माझं खोकं उघडलं इथल्या संशोधक बाईंनी, तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. शरीरातल्या पांढऱ्या पेशींना कर्करोगाशी लढायला शिकवायचं, हा त्यांचा ध्यास. एकवीस वर्षं त्या माझ्यावर वाकून बसल्या. लेकीचा फोन आला की म्हणायच्या, "आलेच गं, एवढी एकच काच." रक्ताचा थेंब पसरलेली ती काच कधी एक नसायचीच.

रुग्णाचं रक्त ताडून पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. बाई खुशाल स्वतःची बाही वर करायच्या. रक्त काढणारे मामा कुरकुरायचे, "दुसऱ्या कुणाचं घेऊ या की!"

"अहो मामा, घरचं असताना दारोदार कशाला फिरायचं?"

गेल्या महिन्यात मामांनी 'निरोगी' लिहिलेली काच माझ्याखाली सरकवली आणि चपापले. काचभर कर्करोगाच्या पेशी! चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा बाईंचं रक्त काढलं. पुन्हा तेच. मग खापर फुटलं माझ्यावर. दुरुस्तीवाल्यानं मला उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "हा ठणठणीत आहे." शेवटी मामांनी स्वतःचं रक्त लावून पाहिलं. ते स्वच्छ!

बाई वाकल्या. माझ्या चाकावरचा त्यांचा हात थांबला.

"बाई, अजून एकदा काढतो..."

"राहू द्या मामा. यांना मी ओळखते. जन्म गेला माझा यांच्यात." काच काढून ठेवत म्हणाल्या, "लेकीला मीच सांगेन."

आता बाई रुग्णालयात आहेत. औषध सुरू झालंय आणि त्यांच्या सांगण्यावरून दर आठवड्याला त्यांचं रक्त माझ्याकडेही येतं. आज मामांनी काच पाहिली आणि फोनवर बाईंना म्हणाले, "पुष्कळ कमी झाल्यात हो!"

मी हबकलोच. एकही कमी नव्हती! मामा आणि खोटं?

"मामा, मोजून सांगा."

मामा पुन्हा वाकले. माझं भिंग त्यांच्या डोळ्यातल्या पाण्यानं ओलं झालं. मोजायला बराच वेळ लागला.

"कमी नाहीत, बाई. चुकलो मी."



"मग हे औषध लागू पडत नाहीये. दुसरं सुरू करायला सांगते डॉक्टरांना. आणि मामा, भिंग पुसा. गुरुवारी पुन्हा रक्त पाठवतेय."

मंडळी, येतो मी. मामा भिंग पुसतायत.