मला प्लास्टिकात घातलं ते मायेनं

मी एक जुना जन्मदाखला आहे. मित्रांनो, हसू नका, कागदालाही जन्म असतो. हैतीतल्या गोनाईव्ह गावी एका कारकुनानं जिभेचं टोक बाहेर काढून, निळ्या शाईनं मला लिहिलं. काय सुरेख अक्षर त्याचं! 'ओदानी सेंतिल, मुलगी' असं लिहून त्यानं माझ्यावर गोल शिक्का दाबला. ओदानी ती हीच, हे जगाला सांगायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडे आलं.

आमच्याकडे कागद जगवणं सोपं नाही. वादळ येतं, पूर येतो, उंदीर तर घरचेच. ओदानीची आई एकदा मला डोक्यावर धरून अख्खा दिवस छपरावर बसली होती. शाळेत, लग्नात, पासपोर्टाला मीच पुढे. मोठा मान होता मला!

पुढे नवरा वारला आणि ओदानी पोटासाठी चिलीत, सांतियागोला आली. तिची मुलगी विदलीन गावी मावशीकडे राहिली. सहा वर्षं ओदानीनं एका हॉटेलात भांडी घासली. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला की विदलीनला इकडे आणता येणार होतं. त्या एका आशेवर ती बाई जगत होती. अखेर अर्जाची तारीख लागली. सोबत मूळ जन्मदाखला दाखवायचा होता.

आदल्या आठवड्यात ती मला घेऊन एक्झिल्यूसकाकांकडे गेली. काका आमच्याच गावचे, सांतियागोच्या बाजारात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. माझ्या फाटत आलेल्या घड्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, काय ही दशा! दे इकडे, लॅमिनेशन करून देतो. ऑफिसात कसं टापटीप दिसलं पाहिजे."

"खराब नाही ना होणार, काका?"

"खराब? तू म्हातारी होशील, हा होणार नाही!"

महत्त्वाचा कागद आमचे लोक असाच जपतात. मशीनमधून मी गरमागरम, चकाचक बाहेर आलो. खरं सांगतो, फुशारलोच मी.

ऑफिसात खिडकीमागच्या बाईनं मला नखानं खरवडलं. "हे प्लास्टिक कशाला? आतला शिक्का तपासायचा कसा? चालणार नाही. नवी प्रत आणा."

"बाई, हाच एक आहे हो. आमच्या गावचं नोंदणीचं ऑफिस गुंडांच्या टोळ्यांनी जाळलं."

"मग मी काय करू? तीस दिवस आहेत. चला, पुढचा कोण?"

ओदानीच्या तोंडचं पाणी पळालं. गावी मावशीनं तीन आठवडे पायपीट केली, पण नोंदवह्यांची राख झाली होती. मुदतीच्या आदल्या दिवशी काकांनी इस्त्री आणि ब्लेड घेऊन मला सोडवायला घेतलं. प्लास्टिक निघालं, पण माझं कातडं घेऊनच निघालं. शिक्का अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तिचं नाव प्लास्टिकाला चिकटून गेलं.

"बास काका, बास!" ओदानी ओरडली आणि फरशीवरच बसली. काका रडत म्हणाले, "माझे हात झडले असते तर बरं झालं असतं गं!"

ते दोन तुकडे घेऊन ती पुन्हा खिडकीशी गेली. अर्ज फेटाळला. संध्याकाळी विदलीनचा फोन आला. "आई, झालं ना काम? बॅग भरू?"

ओदानी म्हणाली, "भर गं बाळा."

फोन ठेवून तिनं स्वतःची मूठ तोंडात कोंबली.

मित्रांनो, मला कुणी मुद्दाम फाडलं नाही, कुणी फेकलं नाही. कागद जपा, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? पण तुमच्यातलं कुणी मोठेपणी खिडकीच्या आत बसेल. त्यानं माझ्यासारख्याला उजेडात धरून खुशाल तपासावं. फक्त एकदा मान वर करून, मला घेऊन आलेल्या बाईकडेही बघावं. त्या दिवशी कुणी बघितलं नाही हो.