फडताळावरची देवराई

आमच्या घरच्यांना, म्हणजे यशवंतांना, एक खोड आहे. सरळ चाललेलं काही त्यांना बघवत नाही. रामनगरात त्यांचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. समुद्र तिथून बसने अर्ध्या दिवसावर, म्हणून त्यांनी तो घरात आणला.

आग लावली ती माझ्या भावाने. परशू गोव्याहून जहाजावर नोकरीला. कुठल्याशा देशात त्याने काचेच्या टाकीत वाढवलेली पोवळी पाहिली आणि सुट्टीत येऊन ह्यांच्या डोक्यात भरवली. मग कारवारहून कॅनमधून खारं पाणी आलं, जिवंत पोवळ्यांचे दगड आले, आणि शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेले दोन समुद्रघोडे. सोप्यात मावेल तेवढी टाकी. पाहुण्यांनी बसायचं कुठे हे विचारायचं नाही.

घोडे दिसायला देखणे, खायला नाठाळ. त्यांना जिवंत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडेच लागत. ते टाकीत टिकेनात आणि घोडे वाळत चालले. परशूने उपाय सांगितला: मोठ्या टाकीच्या वरच्या अंगाला छोटी टाकी ठेवा. तिच्यात चिखल, समुद्रातलं शेवाळ आणि किडे. मासा एकही नको. खाणारं कोणी नसलं की किडे निवांत वाढतात. पंप खालचं पाणी वर चढवतो, नळीतून ते परत खाली पडतं आणि येताना जास्तीचे किडे घेऊन येतं.

ह्यांनी फडताळ रिकामं केलं. माझे डबे जमिनीवर आले. वर ट्यूबलाइट लागली, अर्थात वीज असेल तेव्हा. धरण आमचं गाव बुडवून बांधलं, वीज मात्र आमच्याकडे सवडीने येई.

गाव सासूबाईंचं, सुप्याकडचं. घरं गेली, शेतं गेली, त्यांची देवराईही पाण्याखाली गेली. रामनगरात आणून वसवल्यापासून सासूबाई, म्हणजे इंदुबाई, घरात राहत, पण रुळल्या नव्हत्या. देवळात नेलं तरी बाहेर बसत. ‘ह्यो देवबी हितं पाव्हणा हाय, माझ्यागत,’ म्हणत.

छोटी टाकी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

‘हितं कोण कुणाला मारत न्हाई?’

‘न्हाई.’

‘काय तोडत न्हाईत?’

‘न्हाई गं आई,’ हे म्हणाले. ह्यांचं सगळं लक्ष नळीच्या वायसरात होतं. तिथेच घात झाला.

‘मग राईच की ही.’

दुसऱ्या दिवशी काचेला हळदकुंकू लागलं. सोप्यात चपला बंद झाल्या. नारळ टाकीतच फोडायचा होता, तो मी महत्प्रयासाने अंगणात फोडवला. पण सासूबाई दिवसभर टाकीपुढे बसू लागल्या, स्वतःशी गुणगुणू लागल्या, पोटभर जेवू लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घोडेही बाळसं धरू लागले.

मग शेवाळ माजलं. ते अधूनमधून मूठभर काढायचं असतं, हे परशूने ह्यांना सांगितलं होतं आणि ह्यांनी आईला सांगितलं नव्हतं. नळीचं तोंड बुजलं. पाणी फडताळावरून माझ्या डब्यांवर, किडे वरच्या टाकीतच आणि घोडे पुन्हा काडी. हे कात्री घेऊन उभे राहिले.

‘राईतली काटकीबी मोडत न्हाईत,’ सासूबाई म्हणाल्या.

‘घोडे मरतील आई.’

‘मग कौल लाव. देव व्हय म्हणाला तर तोड.’

आमच्याकडे देवाला कौल लावतात तो असा: उजवीकडे एक, डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे लगेच कबूल झाले. ट्यूबलाइटचा तापणारा भाग उजवीकडे होता, पाकळी तिथलीच आधी सुकणार, असा त्यांचा हिशेब. सासूबाईंनी काचेला जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या. आम्ही तिघं हात जोडून बसलो, त्यातल्या एकाचे हात लबाडीचे.

डावी पडली.

‘ह्याला कौल म्हणत न्हाईत,’ हे उसळले. ‘डावीकडं पंप हाय. त्याच्या थरथरीनं पडली. पंप बंद करतो, परत लाव.’

सासूबाई चिडल्या नाहीत. पाकळी उचलून त्यांनी हातात धरली.

‘गाव उठवायच्या आधी गुरवानं लावलेला कौल. तवाबी डावीच पडली. सायब म्हणाला, वाऱ्यानं पडली, परत लावा.’

ह्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

सकाळच्या बसने दोन्ही घोडे कॅनमध्ये घालून हे कारवारला गेले आणि समुद्रात सोडून आले. येताना तोंड एवढंसं झालं होतं. सासूबाईंनी स्वतः उठून पान वाढलं आणि समोर बसल्या.

‘सोडलंस?’

‘सोडलं.’

‘ह्या वक्ताला कुणीतरी ऐकलं रे बाबा,’ त्या म्हणाल्या आणि भातावर आमटी घातली.